रोजचीं सहा पानें

गृहशिक्षण

इयत्ता तिसरी-चौथींतील एखादें मूल गणितांत मागें पडलें, म्हणजे घरांतील वडील मंडळींच्या तोंडून सामान्यतः दोन प्रकारचे उद्गार निघतात. कोणी म्हणतो, ‘याच्या डोक्यांतच गणित नाहीं, त्याला कोण काय करणार !’ आणि कोणी म्हणतो, ‘मन लावून अभ्यास कर, वार्षिक परीक्षेंत ऐंशी गुण मिळालेच पाहिजेत!’ पहिल्या उद्गारांत निराशा आहे व दुसऱ्यांत आशा आहे, असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु मुलाच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास दोहोंचा परिणाम फारसा निराळा होत नाहीं. पहिला उद्गार त्याच्यापुढील वाट बंद करतो. दुसरा त्याला वाटेचें अखेरचें टोंक दाखवितो, पण पहिलें पाऊल कोठें टाकावें हें सांगत नाहीं. या महिन्याच्या सदरांत आम्ही त्या पहिल्या पावलाचाच विचार करणार आहों.

प्रश्न केवळ गुणपत्रिकेचा असता, तर त्यासाठीं एवढी शाई खर्च करण्याचें कारण नव्हतें. चार गुण इकडचे तिकडे झाल्यानें कोणाचें आयुष्य बुडत नाहीं. परंतु आठ-नऊ वर्षांचें वय असें असतें कीं, त्या वयांत मूल स्वतःविषयीं कांहीं निर्णय मनाशीं बांधीत असतें आणि ते निर्णय तें कोणाला बोलून दाखवीत नाहीं. ‘मला गणित येत नाहीं’ हें वाक्य प्रथम एका उदाहरणापुरतें असतें. पुढें तें एका प्रकरणापुरतें होतें. आणि एक-दोन वर्षांत तें त्या मुलाच्या स्वभावाचाच भाग होऊन बसतें. गणित हा विषयही असा एकावर एक रचलेला आहे कीं, खालची वीट सैल राहिली तर वरची बसत नाहीं. वजाबाकी कच्ची राहिली कीं भागाकार अडतो, भागाकार अडला कीं अपूर्णांक अडतात. शाळा पुढें जाते व मूल मागें राहतें.

असें मूल आपल्याच घरांत आहे असें समजून कोणी कष्टी होण्याचें कारण नाहीं. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानें २००५ सालापासून देशाच्या ग्रामीण भागांतील मुलांची ‘असर’ नांवाची पाहणी होत आली आहे. तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें तिसरींतील मुलांपैकीं निदान दोन आंकडी वजाबाकी करतां येणारीं मुलें शेंकडा ३३.७ होतीं, आणि पांचवींतील भागाकार करतां येणारीं शेंकडा ३०.७. म्हणजे तिसरींतील दर तीन मुलांपैकीं दोन वजाबाकीपाशींच अडलेलीं आहेत. इतकीं सगळीं मुलें जन्मतः मंद असणें शक्य नाहीं. उणीव मुलांच्या मेंदूंत शोधण्याऐवजीं आपण त्यांना शिकवितों कसें, व त्यांच्यापुढें काय ठेवितों, याचा शोध घेणें अधिक शहाणपणाचें होईल.

मुलापुढें ठेवलेल्या ध्येयाचा त्याच्या गणितावर काय परिणाम होतो, यासंबंधींचा एक प्रयोग शिक्षणशास्त्रांत फार प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांदुरा व त्यांचे सहकारी डेल शंक यांनीं तो १९८१ सालीं प्रसिद्ध केला. प्रयोगासाठीं त्यांनीं प्राथमिक शाळांतील सात ते दहा वर्षांचीं चाळीस मुलें निवडलीं. निवडीची कसोटी नेहमींच्या उलट होती. गणितांत जीं फार कच्चीं आणि ज्यांना त्याची गोडी नाहीं, अशींच मुलें त्यांना हवीं होतीं. विषय होता वजाबाकी. सोप्या वजाबाकीपासून अवघड वजाबाकीपर्यंत कसबांचे सात संच तयार करण्यांत आले. पानें सगळीं मिळून बेचाळीस. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सात बैठकींत हीं पानें मुलांनीं स्वतःच वाचून सोडवावयाचीं होतीं.

पहिल्या गटांतील मुलांना सुचविण्यांत आलें कीं, प्रत्येक बैठकींत निदान सहा पानें पुरीं करण्याचा बेत ठेवावा. दुसऱ्या गटाला सुचविण्यांत आलें कीं, सातवी बैठक संपेपर्यंत सगळीं बेचाळीस पानें पुरीं करण्याचा बेत ठेवावा. तिसऱ्या गटापुढें कोणतेंच ध्येय ठेवलें नाहीं. होतील तितकीं पानें करा, एवढेंच सांगितलें. चौथ्या गटाला हीं पानें दिलींच नाहींत. त्याची केवळ तुलनेसाठीं परीक्षा घेतली.

सहा साते बेचाळीस हें कोणाही वाचकाच्या लक्षांत येईल. पहिल्या दोन गटांपुढील एकूण काम रेसभरही कमीअधिक नव्हतें. फरक इतकाच कीं, एकाला आजचा वांटा दाखविला होता आणि दुसऱ्याला सातव्या दिवसाचा डोंगर. निष्पन्न मात्र फार निराळें झालें. रोजच्या सहा पानांचें ध्येय ठेवणारीं मुलें भराभर पुढें गेलीं, वजाबाकींत चांगलीं तयार झालीं, आणि ‘हें मला जमेल’ असा त्यांचा स्वतःविषयींचा विश्वास वाढला. एवढेंच नव्हे, तर पुढें मनास येईल तें काम निवडण्याची मोकळीक दिली असतां, पूर्वीं ज्या वजाबाकीला तीं कंटाळत होतीं, तिच्याकडे तीं आपण होऊन वळलीं. दूरच्या ध्येयाचा मात्र दिसून येण्यासारखा कांहींच परिणाम झाला नाहीं. बेचाळीस पानांचा संकल्प करणारीं मुलें आणि ध्येयच नसलेलीं मुलें जवळजवळ सारखींच ठरलीं.

वार्षिक परीक्षेंतील ऐंशी गुण हें मुलाच्या दृष्टीनें बेचाळीस पानांहूनही दूरचें ध्येय आहे. जूनमध्यें शाळा सुरू झाली असतां एप्रिलांतील परीक्षा आठ वर्षांच्या मुलाला जवळजवळ दुसऱ्या युगांतील वाटते. आज पंधरा मिनिटें बसल्यानें त्या ऐंशी गुणांपैकीं किती पदरांत पडले, हें त्याला कळण्याचा मार्ग नाहीं. आणि आपण पुढें जात आहों कीं नाहीं हें कळत नसलें, म्हणजे मोठ्या माणसाचाही उत्साह टिकत नाहीं. सहा पानांचें तसें नाहीं. तीन झालीं कीं निम्मीं झालीं हें दिसतें. सहा झालीं कीं आजचें काम संपलें हें दिसतें. आणि उद्यां बसतांना काल सहा केल्याचा पुरावा हाताशीं असतो. बांदुरांच्या सिद्धांताचें सार थोडक्यांत असें आहे कीं, माणसाचा स्वतःच्या सामर्थ्यावरील विश्वास उपदेशानें फारसा वाढत नाहीं. आपल्या हातून कांहीं पुरें झालेलें पाहिल्यानें तो सर्वांत अधिक वाढतो. ‘तुला येईल, घाबरूं नको’ असें दहा वेळां सांगण्यापेक्षां, त्याला खरोखर येईल असें एक उदाहरण त्याच्याकडून पुरें करून घेणें अधिक गुणकारी आहे.

‘यथाशक्ति कर’ हा आपल्याकडील दुसरा आवडता उपदेश. तो ऐकावयास सौम्य वाटतो. पण आपली शक्ति किती हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याला त्यापासून कांहींच बोध होत नाहीं. ‘होतील तितकीं पानें करा’ असें ज्यांना सांगितलें होतें, त्या तिसऱ्या गटाची गोष्ट हेंच दाखविते.

आतां ध्येय लहान असावें हें कळलें, तरी तें कशाचें असावें हा प्रश्न उरतोच. त्याआधीं मूल नेमकें कोठें अडतें तें पाहिलें पाहिजे. जॉन सीली ब्राऊन व रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनीं १९७८ सालीं मुलांच्या वजाबाकींतील चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं असें दाखविलें कीं, मुलांच्या चुका बहुधा वाटेल तशा नसतात. मूल एखादी चुकीची रीत मोठ्या निष्ठेनें पाळीत असतें. उदाहरणार्थ, ५२ मधून २७ वजा करावयास सांगितलें असतां पुष्कळ मुलें ३५ असें उत्तर लिहितात. तें कसें आलें ? दोनांतून सात जात नाहींत, म्हणून मुलानें सातांतून दोन काढले आणि पांच मांडले; मग पांचांतून दोन गेले, तीन. लहान आंकडा मोठ्यांतून काढावयाचा, एवढा एकच नियम त्यानें लक्षांत ठेवला आहे. तेंच मूल ४०२ मधून १६८ वजा करतांना २३४ च्या जागीं ३६६ लिहील. अशा मुलाला ‘लक्ष देऊन कर’ असें सांगून उपयोग नाहीं. त्यानें लक्ष दिलेंच आहे, पण रीत चुकीची आहे.

म्हणून प्रथम एका सकाळीं, रागलोभ न दाखवितां, मुलाला निरनिराळ्या प्रकारचीं दहा-बारा उदाहरणें द्यावीं. कांहीं बिनहातच्याचीं, कांहीं एका हातच्याचीं, कांहीं दोन हातच्यांचीं, कांहीं वरच्या रकमेंत शून्य असलेलीं. मग कागद जवळ घेऊन चुका मोजण्याऐवजीं चुका वाचाव्या. बरोबर आलेलीं उदाहरणें कोणत्या प्रकारचीं आणि चुकलेलीं कोणत्या प्रकारचीं, हें पाहिलें कीं अडणारी पायरी बहुधा आपोआप दिसते. त्या पायरीचेंच ध्येय करावें. तिच्या वरच्या पायरीचें करूं नये व खालच्याही नाहीं.

मराठी मुलांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. आपल्या भाषेंत पंचवीस म्हणतांना पांच आधीं येतात व वीस मागून. लिहितांना मात्र दोन आधीं येतात व पांच मागून. शिवाय एकोणसाठ म्हणावयाचें आणि लिहावयाचे ५९. पुष्कळ मुलें ऐकून लिहितांना येथेंच चुकतात, आणि घरचे लोक तिला वजाबाकीची चूक समजतात. हीच अडचण ध्यानांत घेऊन २०१९ सालीं बालभारतीनें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक’ अशा धर्तीचें संख्यावाचन प्रचलित वाचनाच्या जोडीला दिलें. त्या समितीच्या अध्यक्षा, दिवंगत गणितज्ञ मंगला नारळीकर, यांच्यावर त्यावेळीं पुष्कळ टीका झाली. त्या वादांत कोणाला कोणताही पक्ष घ्यावासा वाटो; मूळ अडचण खरी आहे हें मान्य करावें लागतें. तुमच्या मुलाची चूक संख्या ऐकण्या-लिहिण्यांत असेल, तर त्याचें पहिलें ध्येय ‘ऐकलेल्या दहा संख्या बरोबर लिहिणें’ हेंच असलें पाहिजे, वजाबाकी त्यानंतर.

आणि आतां एक गोष्ट एकत्र कुटुंबासाठीं मुद्दाम सांगावयाची आहे. आपल्याकडील कित्येक वडीलधाऱ्यांनीं वजाबाकी जी शिकली ती अशी : ‘दोनांतून सात जात नाहींत; बारांतून सात गेले पांच, हातचा एक; दोन आणि एक तीन; पांचांतून तीन गेले दोन; उत्तर पंचवीस.’ आजच्या शाळेंत शिकवितात तें असें : पांच दशकांपैकीं एक दशक सुटा केला, राहिलीं चार दशकें आणि बारा एकक, बारांतून सात गेले पांच, चारांतून दोन गेले दोन, उत्तर पंचवीसच. दोन्ही रीती शुद्ध आहेत. परंतु सकाळीं आजोबा एक रीत सांगतात, दुपारीं शाळेंत दुसरी, आणि रात्रीं काका पुन्हां पहिली. तेव्हां कच्चें मूल दोहोंची खिचडी करतें. वरच्या पांचाचे चार करतें आणि खालच्या दोनाचे तीनही करतें. चारांतून तीन गेले एक, आणि उत्तर येतें पंधरा! मग तिघेही शिकविणारे मिळून त्याला बोल लावतात. यास्तव घरांत प्रथम ठराव व्हावा कीं, मूल तयार होईपर्यंत शाळेची रीत तीच घरची रीत. आजोबांनीं आपली रीत मागाहून गंमत म्हणून दाखवावी; तोंपर्यंत मुलाला तिचें कौतुकही वाटेल.

ध्येय ठरवितांना मुलाचा त्यांत हात असावा. शंक यांनीं १९८५ सालीं गणितांत विशेष अडचण असलेल्या सहाव्या इयत्तेच्या मुलांवर वजाबाकीचाच प्रयोग केला. ज्या मुलांनीं आपलें ध्येय स्वतः ठरविलें, त्यांचा आत्मविश्वास व कसब हीं दोन्ही, ज्यांना तेंच बाहेरून नेमून दिलें त्यांच्याहून अधिक वाढलीं. याचा अर्थ सर्व मुलाच्या मर्जीवर सोडावें असा नव्हे. ‘आज हातच्याचीं उदाहरणें चार करावयाचीं कीं सहा ? जेवणापूर्वीं कीं शाळेंतून आल्यावर ?’ इतकी निवड त्याच्या हातीं दिली तरी पुरे. चार म्हणाला तर चार. चार ठरवून चार करणारें मूल, दहा नेमून दिलीं असतां सहा करून रडणाऱ्या मुलापेक्षां पुढें गेलेलें असतें.

त्याचबरोबर नुसत्या संख्येच्या मागें लागण्याचा धोकाही ओळखला पाहिजे. सहा उदाहरणें ‘उरकलीं’ म्हणजे झालें, अशी समजूत झाली तर मूल घाईनें कशींतरी उत्तरें ओढील. ‘हीं सहा उदाहरणें सोडव’ असें सांगणें आणि ‘हातच्याचीं उदाहरणें कशीं सोडवितात तें आज शिकूं’ असें सांगणें, यांत अंतर आहे. शंक यांनीं १९९६ सालीं चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकवितांना या दोन प्रकारच्या ध्येयांची तुलना केली, तेव्हां शिकण्याचें ध्येय सोडविण्याच्या ध्येयाहून सामान्यतः सरस ठरलें. म्हणून आरंभीचे कांहीं दिवस कागदाआधीं काड्या घ्याव्या. दहा-दहा काड्यांच्या पांच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडाव्या. त्यांतून सत्तावीस काढ म्हणावें. सुट्या दोनच आहेत, सात कशा काढणार ? मग मुलानें आपल्या हातानें एक जुडी सोडावी, बारा सुट्या कराव्या, त्यांतून सात उचलाव्या, आणि उरलेल्या चार जुड्यांतून दोन. जुडी सोडण्याचें काम हातानें दोन-चार दिवस झालें, म्हणजे पाटीवरील पांचाचे चार कां होतात हें वेगळें समजावावें लागत नाहीं. त्या दिवसांतील ध्येय इतकेंच असावें : ‘तीन उदाहरणें काड्यांनीं करावयाचीं आणि एक आईला समजावून सांगावयाचें.’

प्रगति डोळ्यांस दिसेल अशी नोंद ठेवणें हें पुढचें काम. मिनेसोटा विद्यापीठाचे स्टॅन्ली डेनो यांनीं शिक्षकांसाठीं एक साधी पद्धति घालून दिली. १९८५ सालच्या त्यांच्या लेखानंतर ती विशेष परिचित झाली. आठवड्यांतून एकदां त्याच धर्तीचा एक छोटा कागद मुलाला द्यावयाचा, बरोबर आलेल्यांची संख्या चौकटीच्या कागदावर ठिपक्यानें मांडावयाची, आणि आजच्या ठिपक्यापासून इच्छिलेल्या ठिपक्यापर्यंत एक सरळ रेघ ओढून ठेवावयाची. समजा, आज वीस उदाहरणांपैकीं सहा बरोबर येतात आणि सहा आठवड्यांनीं अठरा यावीं असें ठरविलें. तर दर आठवड्यास दोनांची चढण झाली. मूल स्वतःच ठिपका मांडतें आणि स्वतःच पाहतें.

या पद्धतींतील खरें मर्म रेघेच्या खालीं पडणाऱ्या ठिपक्यांविषयींच्या नियमांत आहे. लागोपाठ चार ठिपके रेघेखालीं पडले, तर बदलावयाचें तें शिकविणें. मुलाला दोष देऊन मोकळें व्हावयाचें नाहीं. काड्या लवकर सोडल्या काय ? पायऱ्या फार उंच ठेवल्या काय ? वीस मिनिटांचीं चाळीस झालीं काय ? हे प्रश्न वडिलांनीं स्वतःस विचारावयाचे असतात. ज्या घरांत नोंदीचा कागद मुलाच्या विरुद्धचा पुरावा होतो, तेथें थोड्याच दिवसांत तो कागद हरवूं लागतो.

स्तुति कशी करावी, यालाही शास्त्र आहे. १९८२ सालीं शंक यांनीं वजाबाकी करणाऱ्या मुलांपैकीं कांहींना मधूनमधून सांगितलें, ‘तूं मेहनत केली आहेस’; आणि कांहींना सांगितलें, ‘तुला मेहनत करावी लागेल.’ दोन्ही वाक्यें मेहनतीचींच. पण पहिल्यानें मुलांचें कसब व विश्वास वाढला, दुसऱ्यानें कांहीं न सांगण्यापेक्षां अधिक लाभ झाला नाहीं. आपल्या घरांतील बहुतेक उपदेश भविष्यकाळीं असतो. तो थोडा भूतकाळीं केला तर किती बरें होईल! तसेंच क्लॉडिया म्यूलर व कॅरल ड्वेक यांच्या १९९८ सालच्या प्रयोगांत, ‘तूं हुशार आहेस’ अशी स्तुति झालेलीं मुलें पुढें अवघड प्रश्नांत अपयश येतांच लवकर खचलीं. ‘तूं श्रम घेतलेस’ अशी स्तुति झालेलीं टिकून राहिलीं. सबब ‘वा, किती हुशार !’ याऐवजीं ‘जुडी सोडावयास आज तूं विसरली नाहींस’ असें म्हणावें. काय साधलें तें त्यांत सांगितलेलें असतें.

चुलत भावंडांशीं तुलना हा एकत्र कुटुंबांतील नित्याचा प्रसंग. ‘धाकट्याला येतें आणि तुला येत नाहीं ?’ या प्रश्नाला मुलापाशीं उत्तर नसतें, व त्यांतून त्याला करावयास असें कांहींच मिळत नाहीं. इतरांचा उल्लेख अगदींच वर्ज्य आहे असें मात्र नाहीं. शंक यांच्या १९८३ सालच्या भागाकाराच्या प्रयोगांत, ध्येयासोबत ‘तुझ्यासारख्या इतर मुलांना एवढें जमलें आहे’ असें कळलेल्या मुलांनीं चांगली प्रगति केली. तेव्हां ‘तुझ्या ताईलाही तिसरींत शून्याचीं उदाहरणें प्रथम जमत नसत, मग जमूं लागलीं’ असें ताईनेंच सांगितलें तर तें बळ देतें. एका उल्लेखानें वाट दिसते, दुसऱ्यानें लाज वाटते; इतका विवेक ठेवला म्हणजे झालें.

मुलाजवळ बसावें कोणी ? ज्याला गणित सर्वांत अधिक येतें त्यानें, हें उत्तर सहज सुचतें. पण तें पुरें नाहीं. अमेरिकेंत पहिली-दुसरीच्या मुलांच्या पालकांचा अभ्यास २०१५ सालीं एरिन मलोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केला. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे मुलांना गृहपाठांत वारंवार मदत करीत, त्यांचीं मुलें त्या वर्षीं गणित कमी शिकलीं व त्यांची भीतिही वाढली. तसे पालक क्वचित् मदत करीत, तेथें हा परिणाम दिसला नाहीं. विभक्त कुटुंबांत याला फारसा इलाज नसतो. एकत्र कुटुंबांत तो आहे. आईला आंकड्यांची धास्ती असेल तर काकूनें बसावें. वडिलांचा आवाज तिसऱ्या चुकीला चढत असेल तर आत्यानें बसावें. मुलगी असेल तर हें अधिकच सांभाळावें. ‘आम्हां बायकांना कुठलें आलंय गणित’ असें थट्टेनें म्हटलेलें वाक्य ती थट्टा म्हणून ऐकत नाहीं.

आपल्या घरांतून एके काळीं दिवेलागणीस परवचा होत असे. पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दीडकी यांच्या त्या घोषांत अर्थ किती मुलांना कळे हा प्रश्न वेगळा. पण त्या रूढींत तीन गोष्टी चांगल्या होत्या. वेळ ठरलेली होती, वांटा ठरलेला होता, आणि घरांतील कोणीतरी वडील माणूस तेथें बसलेलें होतें. दोष हा होता कीं, एकच माप सर्व मुलांना लावीत, आणि पाठ म्हणतां आलें कीं समजलें असें गृहीत धरीत. वर सांगितलेल्या पद्धतींत त्या तीन गोष्टी राखून हे दोन दोष टाळतां येतात. दिवेलागणीचीं वीस मिनिटें तींच. वांटा मात्र ज्याचा त्याचा.

एक इशारा देणें अवश्य आहे. तीन-चार महिने शांतपणें, पायरी लहान करीत करीत प्रयत्न करूनही जर मुलाला पांच आणि आठ यांत मोठा कोणता हेंच चटकन् सांगतां येत नसेल, बोटांवाचून लहान बेरीजही होत नसेल, तर आळस किंवा हट्ट समजूं नये. प्रथम डोळे व कान तपासून घ्यावे. आणि मग बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. संख्या समजण्यांतील या जन्मजात अडचणीस ‘डिस्कॅल्क्युलिया’ म्हणतात, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतांमध्यें तिचा नांवानिशीं उल्लेख आहे. अशा मुलालाही लहान ध्येयांचा उपयोग होतोच. पण त्याला तज्ज्ञांच्या मदतीची जोड हवी.

२०२१ सालीं भारत सरकारनें ‘निपुण भारत’ ही योजना सुरू केली आणि तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावें यासाठीं २०२६-२७ ही मुदत ठरविली. देशानें अशीं दूरचीं ध्येयें ठेवावीं हें युक्तच आहे. पण तीं मुलाच्या पाटीपर्यंत पोंचावयाचीं तर त्यांचे रोजचे वांटे कोणीतरी पाडावे लागतात, आणि तें काम शाळेइतकेंच घराचें आहे.

तेव्हां वाचकांना आमची विनंति इतकीच कीं, आज संध्याकाळीं मुलाला ऐंशी गुणांची आठवण देऊं नये. दहा-बारा उदाहरणांचा कागद द्यावा, चुका वाचाव्या, आणि उद्यांचा वांटा त्याच्याशीं बोलून ठरवावा. तो चार उदाहरणांचा असला तरी चालेल. चारही झालीं, म्हणजे वही मिटून मुलाला खेळावयास सोडावें; उत्साहाच्या भरांत पांचवें घालूं नये. ठरविलेलें पुरें झालें कीं मोठीं माणसें शब्द पाळतात, हें कळलेलें मूल दुसऱ्या दिवशीं आपण होऊन वही आणतें.

पुढील अंकीं भागाकाराच्या पायऱ्यांचा विचार करूं.